भट्टीवरच्या अपघातानंतर: कामगारांतून ‘मित्र’ नेमण्यापूर्वी काय करावे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत ओले भंगार पडून स्फोट झाला, वितळलेले लोखंड उडून दोन कामगार गंभीर भाजले आणि त्यांपैकी एकाचा उपचार चालू असताना मृत्यू झाला. या घटनेला आता आठ महिने होत आले आहेत. मेल्टिंग विभागातील चार जण कामावर येतात, पण भट्टीजवळ उभे राहायला तयार होत नाहीत. एकाने काम सोडले आहे. दोघांचे पिणे वाढले आहे. व्यवस्थापनाने असे ठरवले आहे की दहा कामगारांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन ‘मानसिक आरोग्य मित्र’ नेमावे, दर शनिवारी पाळी संपल्यावर सर्वांना एकत्र बसवून त्या दिवसाबद्दल मोकळेपणाने बोलायला लावावे आणि मित्रांनी दरमहा विभागाला अहवाल द्यावा. हे योग्य आहे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करावी, असे ताईंनी विचारले आहे.

मी मनोसामाजिक कार्यकर्ता म्हणून कोल्हापूर आणि इचलकरंजी परिसरातील कारखाने, बँका आणि रुग्णालये यांच्याबरोबर बरीच वर्षे काम करत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर आधीच सांगून टाकतो. कामगारांतूनच मित्र नेमण्याची कल्पना चांगली आहे, ती सोडू नये. शनिवारची बैठक करू नये. मासिक अहवालाची अट काढता येत नसेल तर योजना सुरूच न केलेली बरी, कारण मग ती पाळतीची योजना होईल आणि कामगारांना ते ओळखायला पंधरा दिवसही लागणार नाहीत. पण या सगळ्याच्या आधी येणारी गोष्ट आपल्या पत्रात कुठेच नाही: कारखाना त्या अपघातानंतर आपल्या माणसांशी कसा वागला आणि आजही कसा वागतो आहे, याचा विचार. ते तपासल्याशिवाय नेमलेले मित्र व्यवस्थापनाच्या वागण्याचा खुलासा करत फिरतात आणि दोन्ही बाजूंनी बोल खातात.

सर्वांत निकडीचा विषय त्या चार जणांचा आहे, म्हणून तो आधी घेतो. भीषण घटना डोळ्यांसमोर घडल्यानंतर काही आठवडे झोप न लागणे, आवाजाला दचकणे, तेच दृश्य पुन्हापुन्हा समोर येणे, त्या जागेकडे पाऊल न वळणे, हे जवळजवळ प्रत्येकाला होते आणि बहुतेकांच्या बाबतीत घरच्यांचा आधार, सोबत्यांची साथ आणि नेहमीचा दिनक्रम यांनी ते ओसरते. हीच लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि कामात किंवा घरात अडथळा आणू लागली, तर आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजे ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात त्याची, शक्यता तपासावी लागते. आठ महिन्यांनंतर वाट पाहण्यात अर्थ उरलेला नाही. या चौघांना मानसोपचारतज्ज्ञांकडे तपासणीसाठी नेले पाहिजे, मग ते कोल्हापूरच्या सीपीआर या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात असो किंवा खासगी दवाखान्यात. या विकारावर आघात-केंद्रित संज्ञानात्मक वर्तनोपचार (त्या प्रसंगाशी जोडलेले विचार आणि वागणे बदलायला शिकवणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने त्या आठवणींवर काम करणारा उपचार) हे परिणाम सिद्ध झालेले उपचार आहेत आणि गरजेप्रमाणे औषधेही दिली जातात. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने कोणताही सहकारी हे करू शकत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही धरू नये. मित्राचे काम त्या पहिल्या फेरीला बरोबर जाण्याचे, केसपेपरच्या रांगेत शेजारी उभे राहण्याचे, आणि घरच्यांनी ‘त्याला काय वेडबीड लागलंय का?’ असे विचारले तर शांतपणे समजावण्याचे आहे. त्या दिवसाचा पगार दोघांचाही कापला जाणार नाही एवढे आपण लेखी द्यावे. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या माणसाला तर याशिवाय दवाखान्याची पायरी चढताच येत नाही.

आता शनिवारच्या बैठकीविषयी. सर्वांना एकत्र बसवून घडलेला प्रसंग क्रमाने सांगायला लावायचा, म्हणजे मन मोकळे होते आणि पुढचा त्रास टळतो, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी अशा बैठकांची एक पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली; डीब्रीफिंग या नावाने अनेक कंपन्या आजही ती वापरतात. नंतर चाचण्या झाल्या तेव्हा वेगळेच चित्र दिसले. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे आढळले की ज्यांच्याकडून प्रसंग वदवून घेतला गेला होता त्यांच्यापैकी २६ टक्के रुग्णांना तेरा महिन्यांनंतर पीटीएसडी होता, आणि ज्यांना असे काहीच केले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होते. पहिल्या गटातील रुग्ण मुळातच थोडे अधिक गंभीर भाजलेले होते, त्यामुळे हा आकडा एकटा घेऊन निष्कर्ष काढू नये. पण पुढच्या एकत्रित परीक्षणांतही एकाच बैठकीतील डीब्रीफिंगचा फायदा दिसला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना आता त्याची शिफारस करत नाही. त्या संघटनेने २०११ मध्ये दिलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शनाचा गाभा पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे एवढाच आहे. त्यात ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकायचे असते, ज्याला बोलायचे नाही त्याला पाणी, जागा, घरी जाण्यासाठी गाडी आणि एकटे न सोडणे एवढे पुरते.

आपल्या बैठकीत आणखी एक अडचण आहे. चाळीस जणांच्या गोलात सुपरवायझरही असेल, ज्याने त्या दिवशी चार्जिंग, म्हणजे भट्टीत भंगार टाकणे, चालू ठेवायला सांगितले तोही असेल, आणि मृत कामगाराचा गाववालाही असेल. तिथे कोणी खरे बोलला तर सोमवारी त्याचे काय होणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात राहील. जो बोलणार नाही त्याच्यावर ‘हा मिसळत नाही’ असा शिक्का बसेल.

आघाताची जाणीव ठेवून काम करण्याची पद्धत म्हणून आज जे सांगितले जाते त्याची पायाभूत मांडणी अमेरिकेत मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी २००१ मध्ये केली, आणि तिथल्या व्यसन व मानसिक आरोग्यविषयक शासकीय यंत्रणेने २०१४ मध्ये तिची सहा तत्त्वे मांडली. सुरक्षितता, विश्वासार्हता आणि पारदर्शकता, समदुःखी सहकाऱ्यांचा आधार, मिळून काम करणे, माणसाच्या म्हणण्याला आणि निवडीला स्थान देणे, आणि संस्कृती, इतिहास व स्त्री-पुरुष भेद यांचे भान ठेवणे, अशी ती तत्त्वे आहेत. आपल्या व्यवस्थापनाने या सहांपैकी तिसरे तेवढे उचलले आहे आणि पहिली दोन मागे ठेवली आहेत. कारखान्यांत हे वारंवार होते, कारण तिसऱ्या तत्त्वाला प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम पुरतो, आणि पहिल्या दोन तत्त्वांसाठी पत्र्याची शेड बांधावी लागते आणि चुका कागदावर मान्य कराव्या लागतात.

शेडचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. ओले भंगार वितळलेल्या धातूत गेले की पाण्याची क्षणार्धात वाफ होते, तिचे आकारमान पाण्याच्या हजार पटींहून अधिक वाढते आणि चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसचा रस बाहेर फेकला जातो, हे फाउंड्रीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असते. आपले भंगार आजही उघड्यावर पडलेले असेल, तर त्या चौघांची भीती हा आजार नाही, तो त्यांचा अनुभवसिद्ध अंदाज आहे, आणि जी भीती खरी आहे ती घालवण्यासाठी समुपदेशक बोलावणे हा त्या माणसांचा अपमान आहे. भंगारावर छप्पर, चार्ज करण्यापूर्वी ते तापवून कोरडे करण्याची सोय, दोन्ही तोंडे बंद असलेले पाइप आणि पोकळ तुकडे वेगळे काढण्याची शिस्त, आणि भट्टीवरच्या कामगाराला ‘हा माल मी टाकणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार, एवढे जूनच्या आत झाले तर निम्मे मानसिक आरोग्य तिथेच जमा झाले असे समजा. माझा आग्रह असा राहील की भंगार तपासण्याच्या नव्या पद्धतीची आखणी त्या चौघांना बरोबर घेऊनच करावी. भट्टीवर उभे राहण्याची ताकद आज त्यांच्यात नसेल, पण कोणत्या मालात पाणी साचते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही, आणि ज्या ठिकाणी माणूस पूर्णपणे हतबल झाला त्याच ठिकाणी त्याच्या शब्दाला वजन आले तर त्याचा उपयोग कोणत्याही भाषणापेक्षा अधिक होतो.

चौकशीचा विषय याला लागूनच आहे. अपघातानंतर पोलीस येतात, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी येतात, विमा कंपनीचा माणूस येतो आणि कंपनीची स्वतःची समिती असते. यांपैकी कायदेशीर चौकशा टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. पण कंपनीच्या हातात जे आहे ते तिने नीट करावे. साक्षीदाराचा जबाब एकदाच, बसवून, दार बंद करून, त्याच्या पसंतीचा एक सहकारी शेजारी ठेवून घ्यावा; काय विचारणार आहोत आणि हे कागद कोणाकडे जाणार आहेत हे आधी सांगावे; मध्येच उठून बाहेर जायची मुभा द्यावी. ‘तिथे उभा राहून करून दाखव’ असे कोणालाही सांगू नये. चौकशीचा निष्कर्ष काय निघाला हे कामगारांना त्यांच्या भाषेत सांगावे. आठ महिन्यांत ते सांगितले गेले नसेल, तर पोकळी अफवांनी भरलेली असते. ‘चूक त्याचीच होती असं लिहून फाइल बंद केली’ ही अफवा अशा प्रत्येक कारखान्यात मी ऐकलेली आहे आणि ती खरी की खोटी यापेक्षा ती खोडायला कोणी पुढे आले नाही हे कामगारांच्या अधिक लक्षात राहते.

सुपरवायझरच्या तोंडाचाही विचार करावा लागेल. आपल्याकडे शिवी ही कधी लाडाची असते आणि कधी अंगावर येणारी असते, आणि दोन्हींतला फरक देणाऱ्याला नेहमी कळतोच असे नाही. ‘मर्दा, एवढ्याला काय घाबरतोस?’ हे धीर देण्यासाठी म्हटले जाते, पण रात्रभर न झोपलेल्या माणसाला त्यातून एवढेच ऐकू येते की आपण मर्द राहिलो नाही. तालमीच्या या गावात अंगाच्या ताकदीला जो मान आहे त्याची ही दुसरी बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत कामाच्या रचनेतील बदलांबरोबर व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची स्पष्ट शिफारस आहे. पैसे मोजकेच असतील तर मी मित्रांच्या आधी लाइन सुपरवायझरांना शिकवीन. त्यांना मानसशास्त्र शिकवायचे नाही. माणूस गप्प झाला, वारंवार दांड्या मारू लागला, आवाजाला दचकू लागला तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन ‘दादा, बरं नाही वाटत का? काम बदलून देऊ का आज?’ एवढे विचारायचे आणि उत्तर काहीही आले तरी ते चहाच्या गाड्यावर न्यायचे नाही, इतके शिकवायचे.

भट्टीवर परतण्याबाबत दोन टोके टाळावीत. ‘ये नाहीतर नोकरी सोड’ हे एक टोक झाले. दुसरे टोक दयेचे आहे: त्या माणसाला कायमचे स्टोअरमध्ये किंवा गेटवर बसवून टाकायचे. टाळत राहिल्याने भीती घट्ट होते, हे मानसोपचारातील पक्के निरीक्षण आहे, आणि स्टोअरमध्ये गेलेल्या माणसाचा भट्टीचा भत्ता आणि ओव्हरटाइम जातो तो वेगळाच. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पायऱ्या ठराव्यात. आधी भट्टी थंड असताना त्या विभागात जाणे, मग भट्टी चालू असताना लांबून थांबणे, मग कोणाच्या तरी जोडीने काही वेळ काम, आणि प्रत्येक पायरीवर पुढे कधी जायचे हे त्या माणसाने ठरवायचे. या काळात भत्ता चालू ठेवावा. एवढे करूनही एखाद्याने भट्टी नकोच असे सांगितले तर ते मान्य करावे आणि त्याचा दर्जा न घटवता दुसरे काम द्यावे.

पावसाचा प्रश्न कोल्हापुरात फक्त भट्टीपुरता नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत असे कितीतरी कामगार चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावांतून आपल्याकडे येत असतील. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. जुलैअखेरीस पाणी ३९ फुटांकडे सरकू लागले की या माणसांचे लक्ष मशीनवर नसते, ते मोबाइलवर असते, आणि नेमका तेव्हाच सुपरवायझर मोबाइल जप्त करतो. दोष कोणाचाच नसतो, पण आघाताची जाणीव ठेवणारा कारखाना हे आधीच ओळखून नियम करतो: पाणी इशारा पातळीला आले की पूरपट्ट्यातील कामगारांना ठराविक वेळाने घरी फोन करता येईल, रात्रपाळी बदलून मिळेल, आणि जनावरे व सामान हलवण्यासाठी मागितलेली रजा बिनपगारी झाली तरी गैरहजेरी धरली जाणार नाही. या नियमाला खर्च जवळपास नाही आणि माझ्या पाहण्यात कामगारांचा विश्वास मिळवून देणारा याहून स्वस्त निर्णय दुसरा नाही. पाण्याने घर गेलेला माणूस ओल्या भंगाराच्या स्फोटाने अधिक हादरला असेल हेही लक्षात ठेवावे. आघात एकावर एक चढतात.

एवढी जमीन तयार झाली की मित्रांच्या योजनेला अर्थ येतो. ज्याने तो मार्ग चालला आहे त्याचा आधार वेगळा असतो, ही जाण जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात ज्याँ-बातिस्त प्यूसाँ बऱ्या झालेल्या रुग्णांनाच सेवक म्हणून नेमत असत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांच्या हातून इतरांना बाहेर काढत आले आहे. पुण्याच्याच इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने ‘आत्मीयता’ या प्रकल्पात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात आणि नंतर गुजरातेतील मेहसाण्यात गावच्याच माणसांना ऐकून घेण्याचे आणि मदतीशी जोडून देण्याचे काम शिकवले. म्हणजे आपल्याकडे अनुभव आहे. परदेशी पुस्तिका भाषांतरित करून आणण्याची गरज नाही. अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. ब्रिटिश नौदलात सहकाऱ्यांनीच अपघातानंतर विचारपूस करण्याची ‘ट्रिम’ नावाची पद्धत आहे; तिच्या जहाजांवरील चाचणीत मानसिक त्रास किंवा कलंकाची भावना लक्षणीय कमी झाल्याचे दिसले नाही, अपाय झाला नाही, आणि संस्थेच्या कामकाजात थोडी सुधारणा दिसली. सहकाऱ्याच्या आधाराने विकार बरा होत नाही, पण विकार लवकर ओळखला जातो, माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचतो आणि तोवर एकटा पडत नाही.

निवड व्यवस्थापनाने करू नये. कोऱ्या चिठ्ठीवर प्रत्येकाला तीन नावे लिहायला सांगावीत: रात्री-अपरात्री अडचण आली तर या कारखान्यात कोणाला सांगाल? ज्यांची नावे पुन्हापुन्हा येतात ते बहुधा आधीपासून हेच काम बिनबोभाट करत असतात. त्यांत एखादा कँटीनचा मामा निघेल, एखादा क्रेन चालवणारा निघेल, आणि ज्याला आपण बडबड्या म्हणून वगळला असता तोही निघेल. त्यांना विचारावे, आणि नको म्हणण्याची पूर्ण मोकळीक द्यावी. सुपरवायझर, मनुष्यबळ विभागातील माणसे आणि ठेकेदाराचा मुकादम यांना घेऊ नये, कारण हजेरी आणि पगार ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी कोणी मोकळे बोलत नाही. युनियनचा पदाधिकारी चांगला माणूस असेल तरी त्याच्याकडे सांगितलेले दुःख मागणीपत्रात जाण्याची भीती कामगारांना वाटते, म्हणून मी सहसा त्यालाही बाहेर ठेवतो, पण योजना आखताना युनियनला पहिल्या बैठकीपासून बरोबर घेतो. प्रत्येक पाळीत निदान दोघे असावेत. ओडिशा, बिहार, झारखंडहून आलेल्या कामगारांतून त्यांचा स्वतःचा मित्र असलाच पाहिजे. खोलीत सहा-सात जण राहतात, घर हजार-दीड हजार किलोमीटरवर आहे, आणि मराठीत विचारलेल्या ‘कसं काय?’ला ते ‘ठीक है’ यापलीकडे उत्तर देत नाहीत. कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवण्याच्या विभागात, आणि कार्यालयात स्त्रिया असतील तर त्यांच्यातून निवड करावी, आणि लैंगिक छळाची तक्रार मित्राने स्वतः सोडवायला घेऊ नये. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असते, मित्राने त्या बाईबरोबर तिथपर्यंत जायचे, आणि जायचे की नाही हे तिने ठरवायचे.

गोपनीयतेवर सगळे उभे आहे. मित्राकडे कोण आले आणि काय बोलले हे मनुष्यबळ विभागाला, ताई, म्हणजे आपल्यालाही कळता कामा नये. अपवाद मोजके आणि आधीच जाहीर केलेले असावेत: माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला अपाय करण्याच्या बेतात आहे, एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले आहे, किंवा तो नशेत भट्टी वा क्रेन चालवायला निघाला आहे. अशा वेळीही मित्राने त्याला सांगूनच पुढचे पाऊल टाकावे. मी मित्रांना एक वाक्य अक्षरशः तोंडपाठ करायला लावतो: ‘तुम्ही सांगाल ते माझ्याजवळच राहील, पण तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला एका डॉक्टरांशी बोलावं लागेल, आणि तेही मी तुम्हाला सांगून करीन.’ हे बोलणे सुरू होण्यापूर्वी म्हणायचे असते, निम्मे ऐकून झाल्यावर नाही. अहवाल हवाच असेल तर तो बाहेरच्या मार्गदर्शकाने तीन महिन्यांतून एकदा, नावाशिवाय आणि विभागाशिवाय, केवळ विषयांचा द्यावा. दहा जणांच्या विभागात ‘मेल्टिंगमधील एक विवाहित कामगार’ असे लिहिले तर नाव लिहिल्यासारखेच असते.

प्रशिक्षणाचे दोन दिवस सुरुवातीला पुरतात, पण त्यानंतर दरमहा बाहेरच्या तज्ज्ञाबरोबर बसण्याची सोय नसेल तर ते वाया जातात. शिकवायचे थोडेच असते. सल्ला न देता ऐकणे, ‘देवाची इच्छा’ आणि ‘होईल सगळं ठीक’ ही दोन वाक्ये गिळून टाकणे, प्रसंगाचे तपशील न खोदणे, आणि ‘मरून जावंसं वाटतं का?’ हे थेट विचारायला न घाबरणे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे; विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडायचे नाही, घरच्या एका माणसाला त्याच्या संमतीने बोलवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे. ‘टेली मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते, हा क्रमांक मित्रांच्या मोबाइलमध्ये असावाच, पण शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावावा, कारण नोटीस बोर्डासमोर उभे राहून तो लिहून घेणारा माणूस मी पाहिलेला नाही.

ज्या दोघांचे पिणे वाढले आहे त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे सांगतो. आघातानंतरची दारू बहुतेक वेळा झोपेसाठी सुरू होते आणि झोपच बिघडवते. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई हा पहिला उपाय ठरवू नये, पण नशेत भट्टीवर उभे राहू न देण्याच्या नियमात तिळमात्र सवलतही नको. रोज पिणाऱ्याला एकदम बंद करायला सांगणे धोक्याचे असते, फिट्स येऊ शकतात. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. दारू सोडलेला एखादा जुना कामगार आपल्याकडे नक्की असेल. त्याच्याइतका उपयोगी मित्र दुसरा नाही, फक्त त्याचे नाव त्याच्या परवानगीशिवाय कोणी घेऊ नये.

मित्रांची काळजी कोण घेणार हे ठरवल्याशिवाय त्यांना बिल्ला देऊ नका, किंबहुना बिल्ला देऊच नका. त्यांच्यापैकी काही जण त्या दिवशी तिथेच होते. दुसऱ्याची कहाणी ऐकताना त्यांचे स्वतःचे दृश्य जागे होते. त्यांना हे काम कामाच्या वेळेत करता आले पाहिजे, वर्षाने किंवा मध्येच कारण न देता सोडता आले पाहिजे, आणि किती जणांना भेटला यावर बक्षीस किंवा ‘महिन्याचा मित्र’ असला प्रकार चुकूनही होऊ नये.

कायद्याच्या आणि पैशांच्या काही गोष्टी कामगारांना सहसा कोणी सांगत नाही, त्या मित्रांना माहीत असाव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ ने उपचाराविषयीच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला, कलम २१ ने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक केले, आणि कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली असलेल्या कामगाराला आजारपणाचा नेहमीचा लाभ मिळतोच, शिवाय दीर्घ आजारांच्या यादीत काही गंभीर मानसिक आजार असल्याने अटी पूर्ण झाल्यास वाढीव मुदतीचा लाभही मिळू शकतो. ठेकेदाराच्या कामगारांचे ईएसआय कागदोपत्री खरेच चालू आहे का, हे आपण स्वतः तपासावे. आजारपणात ते बंद असल्याचे कळणे हा स्वतंत्र धक्का असतो.

जुलैमध्ये त्या घटनेला वर्ष होईल. त्या दिवशी काय करायचे हे मृत कामगाराच्या घरच्यांना आणि मेल्टिंगच्या माणसांना महिनाभर आधी विचारावे. काहींना फोटोला हार घालून दोन मिनिटे उभे राहायचे असेल, काहींना त्या दिवशी रजा हवी असेल, काहींना काहीच नको असेल. तिन्हींना जागा ठेवता येते. व्यवस्थापकांचे भाषण ठेवू नये.

योजना चालते की नाही हे कसे ओळखावे, याविषयी शेवटी. किती जण मित्रांकडे आले हा आकडा फसवा आहे. मी पाहतो ते असे: मेल्टिंगमधील गैरहजेरी आणि राजीनामे कुठे चालले आहेत, उपचाराला गेलेल्यांपैकी किती जण पूर्वीच्या किंवा बरोबरीच्या कामावर परतले, आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या किती नोंदी कामगार स्वतःहून करतात. या शेवटच्या नोंदी पहिल्या सहा महिन्यांत वाढल्या तर ते चांगले चिन्ह आहे; अपघात वाढलेले नसतात, सांगण्याची भीती कमी झालेली असते. नेमके याच वेळी वरिष्ठ कार्यालयातून ‘तुमच्याकडे धोके वाढले कसे?’ अशी विचारणा येते, सुपरवायझरला बोलावून झाडले जाते आणि पुढच्या महिन्यापासून वही कोरी राहते. नोंदी वाढणार आहेत आणि त्यासाठी कोणालाही जाब विचारला जाणार नाही, हे आपण योजना सुरू होण्यापूर्वीच व्यवस्थापकांच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात लिहून घ्यावे.